पन्हाळगड: कोल्हापुरात येणारे पाहुणे हमखास विचारतात ते प्रश्न

पन्हाळ्याबद्दलचे निम्मे प्रश्न १२ जुलै १६६० या एकाच रात्रीपाशी, शिवाजी महाराज सिद्दी जौहरच्या वेढ्यातून निसटले त्या रात्रीपाशी, येऊन थांबतात. त्या रात्रीचं मोल कुणी कमी करत नाही. पण गडाचं वय आठशे वर्षांहून जास्त आहे आणि आज जे पडकं दिसतं, त्यातल्या बऱ्याचशा पडझडीचा त्या रात्रीशी काही संबंध नाही. पाहुणे, सहलीला आलेली पोरं, त्यांचे गुरुजी आणि आपलेच कोल्हापूरकर पुन्हा पुन्हा जे विचारतात, त्याची उत्तरं इथं एकत्र केली आहेत.

पन्हाळा नेमका कुठं आहे? केवढा आहे?

कोल्हापूरच्या वायव्येला, साधारण २० किलोमीटरवर. पंचगंगेवरचा शिवाजी पूल ओलांडून रत्नागिरी रस्त्याला लागायचं, केर्ली मागं टाकायची आणि वाघबीळच्या फाट्यावरून घाट चढायचा. समुद्रसपाटीपासून गड तीन हजार फुटांहून उंच आहे. घेर सात किलोमीटरच्या आसपास, त्यामुळं एका दमात सगळा तट फिरून येऊ असं म्हणणारे दुपारपर्यंत झुणका-भाकरीच्या टपरीवर बसलेले दिसतात.

घेराच्या जवळजवळ अर्ध्या भागाला उभ्या कड्यानंच राखलंय. तिथं वर फक्त जंग्यांची, म्हणजे बंदुका मारायच्या भोकांची, भिंत घातली की काम भागत होतं. उरलेल्या बाजूला मात्र जाड तट आणि बुरूज बांधावे लागले. गड बघताना हे ध्यानात ठेवलं तर कुठं भिंत बारीक आणि कुठं भक्कम, याचा उलगडा आपोआप होतो.

आणि हो, हा ओसाड किल्ला नाही. वर गाव आहे, नगरपरिषद आहे, तालुक्याची कचेरी आहे. तटाला लागून घरं आहेत.

हा किल्ला शिवाजी महाराजांनी बांधला ना?

नाही. महाराज जन्मले त्याच्या साडेचारशे वर्षं आधीपासून पन्हाळा नांदता होता.

गडाचा पहिला खात्रीचा धनी म्हणजे कोल्हापूरच्या शिलाहार घराण्यातला दुसरा भोज. त्याचा काळ साधारण ११७८ ते १२०९. साताऱ्यात सापडलेल्या ११९१-९२ च्या ताम्रपटावरून त्याचा दरबार पन्हाळ्यावर भरत होता असं दिसतं. परंपरा त्याच्या नावावर पंधरा किल्ले लावते. आपल्या भागातला कुठलाही जुना गड घ्या, भुदरगड असो की सामानगड, गावातली म्हातारी माणसं ‘भोज राजाचा’ असंच सांगतात. प्रत्येक बाबतीत ते खरं असेलच असं नाही, पण पन्हाळ्याच्या बाबतीत पुरावा भक्कम आहे.

भोजाचं राज्य देवगिरीच्या यादव सिंघणानं बुडवलं. ही हकीकत यादवांच्या बाजूनं लिहिणाऱ्यानं मोठ्या झोकात सांगितली आहे: पन्हाळ्यावर राहणाऱ्या भोजरूपी सापाला सिंघण नावाच्या गरुडानं पळवून लावलं. यातली खोच अशी की शिलाहारांच्या स्वतःच्या ध्वजावरच सोन्याचा गरुड असे. गरुडाचं निशाण मिरवणाऱ्याला साप म्हणणं हा टोमणा त्या काळच्या माणसाला लगेच झोंबला असणार.

मग आज दिसणारे दरवाजे, इमारती शिलाहारांच्या काळातल्या?

फारशा नाहीत. आज उभं आहे त्यातलं बरंचसं विजापूरच्या आदिलशाहीतलं आहे. यादवांनंतर गड बहमनी सुलतानांकडे गेला. बहमनींचा वजीर महमूद गावान १४६९ च्या पावसाळ्यात इथं छावणी करून होता. कोकणातल्या आणि खेळण्याच्या, म्हणजे आजच्या विशाळगडाच्या, मोहिमेसाठी हे सोयीचं ठिकाण होतं. पुढं बहमनी राज्य फुटलं आणि १४८९ नंतर पन्हाळा विजापूरकरांच्या वाट्याला आला. त्यांनी इथं दिलखुलास बांधकाम केलं.

पश्चिमेचा तीन दरवाजा बघाच. एकापाठोपाठ एक दारं, मधे चौक. पहिलं दार फोडून आत घुसलेला शत्रू चौकात कोंडला जावा आणि वरून त्याच्यावर मारा व्हावा, ही त्यातली योजना. दगडावरचं नक्षीकाम बारीक आहे आणि पहिल्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातले फारसी लेख अजून जागेवर आहेत. जवळच अंधारबाव आहे. नावात बाव असली तरी ती बाहेरून विहीर वाटतच नाही. तीन मजली इमारतच आहे ती. तळाशी पाणी, वर पहारेकऱ्यांना बसायला जागा, आणि तटाबाहेर निसटायला वाट. वेढ्यात शत्रू आधी पाण्यात विष कालवतो, म्हणून पाणीच इमारतीच्या पोटात लपवलं. माझ्या मते अख्ख्या गडावरचं सगळ्यात हुशार बांधकाम हेच.

हे आदिलशाहीतलं आहे म्हटल्यावर काही पाहुण्यांचा चेहरा पडतो. पडायचं कारण नाही. किल्ला बांधला कुणी हा एक प्रश्न आणि त्याच्यासाठी रक्त सांडलं कुणी हा दुसरा.

महाराजांनी पन्हाळा पहिल्यांदा कधी घेतला?

२८ नोव्हेंबर १६५९. प्रतापगडाखाली अफजलखान मारला गेला १० नोव्हेंबरला. मधे फक्त अठरा दिवस. विजापुरात अजून रडारड चालू होती तोवर मराठी फौज कृष्णा-वारणा ओलांडून इथवर आली. महिनाभरात, डिसेंबरअखेर, कोल्हापूरजवळच विजापूरचा सरदार रुस्तुमेजमान आणि अफजलखानाचा मुलगा फाजलखान यांच्या फौजेचाही पराभव झाला. खानाच्या वधाची गोष्ट सगळ्यांना पाठ असते, पण त्याच्या पाठोपाठची ही घोडदौड मात्र बहुतेक जण विसरतात.

सिद्दी जौहरच्या वेढ्यात नेमकं काय झालं?

मार्च १६६० च्या सुरुवातीला महाराज पन्हाळ्यावर आले आणि पाठोपाठ सिद्दी जौहर येऊन ठेपला. विजापूर दरबारानं त्याला सलाबतखान हा किताब देऊन पाठवलं होतं. बरोबर फाजलखान होता, त्याच्या मनात बापाचा सूड. जौहर हा कर्नूलकडचा सरदार, कसलेला आणि चिवट. त्याला हलक्यात घेणाऱ्या गोष्टी ऐकायला बऱ्या वाटतात, पण त्यानं घातलेला वेढा चार महिने ढिला पडला नाही.

महाराजांचा हिशेब उघड होता. पावसाळा लागला की या भागात छावणी टिकत नाही. जौहरला उठावं लागेल. पन्हाळ्याचा पाऊस ज्यांनी अंगावर घेतलाय त्यांना हा हिशेब चटकन पटेल. पण जौहर उठला नाही. त्यानं पावसापासून आडोसे उभे केले आणि पहारे आणखी आवळले. बाहेरून नेताजी पालकरानं वेढा फोडायचा प्रयत्न केला, तोही फसला. तिकडं पुण्यात शाएस्ताखान येऊन बसला होता आणि चाकणच्या किल्ल्याला त्यानं वेढा घातला होता. म्हणजे स्वराज्य दोन्ही बाजूंनी दाबलं जात होतं आणि राजा एका गडावर अडकलेला.

यात इंग्रजांचाही हात होता. राजापूरच्या वखारीतला हेन्री रेव्हिंग्टन लांब पल्ल्याची तोफ आणि दारूगोळा घेऊन जौहरच्या मदतीला आला आणि इंग्रजी निशाण फडकावून गडावर मारा केला. तटस्थ राहण्याचा करार मोडून केलेला हा उद्योग महाराजांनी विसरला नाही. पुढच्याच वर्षी, १६६१ मध्ये, राजापूरची वखार खणली गेली आणि रेव्हिंग्टनसह तिथले इंग्रज सुमारे दोन वर्षं कैदेत राहिले.

जुलैत महाराजांनी शरणागतीचं बोलणं लावलं. वाटाघाटी सुरू झाल्या तशी पहाऱ्यावरच्या लोकांची कंबर सैल झाली. चार महिने पावसापाण्यात काढलेली माणसं ती. १२ जुलैच्या रात्री सहाशे निवडक मावळे घेऊन महाराज राजदिंडीच्या वाटेनं उतरले आणि विशाळगडाकडं निघाले. त्यात हिरडस मावळातले बांदलांचे लोक होते, बाजीप्रभू देशपांडे होते. दुसऱ्या पालखीत शिवा काशीद बसला होता.

शिवा काशीद कोण होता?

गडाखालच्या नेबापूरचा. जातीनं न्हावी, आणि चेहरेपट्टी महाराजांशी मिळतीजुळती. त्याची पालखी ठरवून सिद्दीच्या माणसांच्या हाती लागू दिली गेली. शिवाजी सापडला म्हणून छावणीत आनंदीआनंद झाला, आणि फसवणूक कळेपर्यंत खरी पालखी मसाईच्या पठाराच्या दिशेनं बरंच अंतर तोडून गेली होती. शिवाला ठार मारलं. पालखीत बसतानाच त्याला शेवट ठाऊक होता, यात शंका घ्यायला जागा नाही.

त्याची समाधी नेबापूरच्या बाजूला आहे आणि पुतळाही उभारला आहे. बाजीप्रभूंच्या पुतळ्याशी सेल्फी काढून गाडीत बसणाऱ्यांनी दहा मिनिटं इकडंही द्यावीत, एवढंच सांगणं.

पावनखिंड पन्हाळ्यावरून दिसते का? बाजीप्रभूंची समाधी गडावर आहे का?

दोन्हीला उत्तर नाही. खिंड शाहूवाडी तालुक्यात, विशाळगडाच्या जवळ आहे. तिचं तेव्हाचं नाव घोडखिंड. जौहरचा जावई सिद्दी मसूद याची फौज पाठीवर आली तेव्हा निम्म्या लोकांनिशी बाजीप्रभू तिथं थांबले आणि महाराज पुढं गेले. विशाळगडाच्या पायथ्यालाही मोर्चे लागलेले होते, सुर्वे आणि दळव्यांचे. म्हणजे गडावर पोहोचायलाही लढावंच लागलं. बाजी आणि त्यांचे भाऊ फुलाजी यांच्या समाध्या विशाळगडावर आहेत. पन्हाळ्यावर आहे तो पुतळा.

दरवर्षी जुलैत या वाटेनं पदभ्रमण मोहिमा निघतात. राजदिंडी, तुरुकवाडी, म्हाळुंगे, मसाई पठार, कुंभारवाडी, करपेवाडी, आंबेवाडी, पांढरपाणी आणि मग खिंड. बहुतेक गट मधे मुक्काम करतात. मावळ्यांनी हीच वाट रात्रीतून, चिखलातून, पालखी खांद्यावर घेऊन काढली. पांढरपाण्याला पोचल्यावर आपले पाय काय म्हणतात ते बघा.

शेवटी सिद्दी जौहरनं गड जिंकला का?

लढून नाही. महाराज निसटल्यावरही गडावरच्या शिबंदीनं तो राखला होता. सप्टेंबर १६६० मध्ये महाराजांनी तहानं पन्हाळा विजापूरला देऊन टाकला. एकीकडं शाएस्ताखान असताना दुसरीकडं आदिलशहाशी भांडण चालू ठेवणं परवडणारं नव्हतं. गड सोडणं ही हार मानायची की शहाणपण, यावर आमच्याकडं कट्ट्यावर अजून वाद झडतात. मला विचाराल तर शहाणपण.

परत कधी मिळवला?

तेरा वर्षांनी. मधे एकदा हात पोळले. १६ जानेवारी १६६६ ला, मिर्झाराजा जयसिंगाशी तह झाल्यानंतरच्या काळात, महाराजांनी रात्री हल्ला केला. गडावरचे लोक सावध होते. सुमारे हजार माणसं कामी आली. नेताजी पालकर वेळेवर पोचला नाही, त्याला पदावरून दूर केलं आणि तो विजापूरला जाऊन मिळाला. पन्हाळ्यानं महाराजांना असा फटका दिला होता हे सहलीच्या माहितीत सहसा नसतं.

मग ६ मार्च १६७३. कोंडाजी फर्जंद अवघे साठ लोक घेऊन रात्री कडा चढला. वर पोचल्यावर त्यांनी कर्णे फुंकले. अंधारात कर्ण्यांचा आवाज चारी बाजूंनी घुमला आणि मोठी फौज आत शिरली अशा समजुतीनं शिबंदीची पळापळ झाली. किल्लेदार कापला गेला, गड हाती आला. १६६६ ला हजार माणसं गमावून जे जमलं नव्हतं, ते साठ जणांनी केलं. बातमी ऐकून महाराज स्वतः गडावर आले. या विजयावर त्याच काळात संस्कृत काव्यही रचलं गेलं.

संभाजीराजे पन्हाळ्यावर कैदेत होते का?

इथं शब्द जपून वापरायला हवेत. मोगल सरदार दिलेरखानाच्या गोटातून निसटून संभाजीराजे डिसेंबर १६७९ मध्ये पन्हाळ्यावर आले. जानेवारीत बाप-लेकाची भेट इथंच झाली, आणि महाराज रायगडाकडं गेले ते पुन्हा भेटले नाहीत. ३ एप्रिल १६८० ला त्यांचं निधन झालं. संभाजीराजे गडावर राहत होते आणि त्यांच्या हालचालींवर नजर होती, इतपत म्हणता येतं. पायात बेड्या घातलेलं चित्र डोळ्यासमोर आणू नका. पूर्वेकडच्या कड्यावरची सज्जाकोठी दाखवून ‘इथं ठेवलं होतं’ असं सांगतात. कोठी सुंदरच आहे, खालचा सगळा मुलूख तिथून दिसतो.

महाराजांच्या मृत्यूनंतर रायगडावरच्या काही कारभाऱ्यांनी संभाजीराजांना पन्हाळ्यावरच अडकवायचा बेत केला. तो उलटला. राजांनी गड ताब्यात घेतला, सरसेनापती हंबीरराव मोहिते त्यांच्या बाजूला उभे राहिले आणि पकडायला निघालेले मोरोपंत पिंगळे व अण्णाजी दत्तो हेच पकडले जाऊन पन्हाळ्यावर आणले गेले. जूनमध्ये राजे रायगडावर पोचले. म्हणजे दुसऱ्या छत्रपतींचा कारभार खऱ्या अर्थानं इथून सुरू झाला.

औरंगजेब स्वतः पन्हाळ्याला आला होता?

आला होता, १७०१ मध्ये. संभाजीराजांच्या वधानंतर गड एकदा मोगलांकडं गेला होता, मग मराठ्यांनी परत घेतला होता. राजाराममहाराजही जिंजीला जाताना इथं थांबले होते. बादशहा म्हातारपणी एकेक किल्ला घेत फिरत होता, त्यात पन्हाळ्याचा नंबर लागला. वेढा लांबला, आणि मे महिन्यात बोलणी करून गड त्याच्या हवाली झाला.

या वेढ्यातली एक बाजूची गोष्ट मला फार आवडते. इंग्लंडच्या राजाचा वकील सर विल्यम नॉरिस नजराणे घेऊन, मजल दरमजल करत, बादशहाला भेटायला पन्हाळ्याखालच्या छावणीत आला. एप्रिल १७०१ मध्ये त्याची भेट झाली. व्यापाराच्या सवलतींचं फर्मान मात्र काही मिळालं नाही, आणि परतीच्या समुद्रप्रवासात तो वारला. आज जिथं उसाचे फड आहेत त्याच माळावर कुठंतरी हा सगळा थाट मांडला गेला होता.

पन्हाळा राजधानी होता म्हणतात, ते खरं का?

खरं. आणि तेही बराच काळ. राजाराममहाराज मार्च १७०० मध्ये गेले. ताराराणींनी मुलाला गादीवर बसवून औरंगजेबाशी लढा चालू ठेवला. पुढं पन्हाळा हे त्यांचं मुख्य ठाणं झालं. १७०७ ला शाहूमहाराज मोगलांच्या कैदेतून सुटून आले आणि घरातच दोन गाद्या झाल्या: सातारा आणि करवीर, म्हणजे कोल्हापूर. मधे पन्हाळा काही काळ शाहूंकडं गेला, ताराराणींनी तो परत मिळवला आणि १७१० पासून करवीरची राजधानी इथं स्थिरावली.

चारच वर्षांत वाड्यातच उलथापालथ झाली. १७१४ मध्ये राजाराममहाराजांच्या दुसऱ्या राणी राजसबाईंनी आपला मुलगा संभाजी याला गादीवर आणलं आणि ताराराणी व त्यांच्या मुलाला गडावरच कैद केलं. ज्या गडावरून त्यांनी राज्य चालवलं, तिथंच त्यांना नजरकैदेत वर्षं काढावी लागली. सातारा-करवीर भांडण १७३१ च्या वारणेच्या तहानं मिटलं आणि १७८२ ला राजधानी खाली कोल्हापुरात आली. ताराराणींचा वाडा अजून उभा आहे, त्यात शाळा भरते. सुट्टीच्या दिवशी गेलात तर शांतपणे बघता येतो. शाळेच्या वेळेत परवानगी विचारा.

मग गड इतका पडका का? मोगलांनी पाडला की काळानं?

सगळ्यात कमी विचारला जाणारा आणि सगळ्यात जास्त विचारायला हवा असा प्रश्न हाच.

कोल्हापूरहून आलेली प्रत्येक एसटी, प्रत्येक मोटार गडावर शिरते ती चार दरवाजाच्या जागेतून. पूर्वेकडचा हा गडाचा मुख्य दरवाजा, तीन दरवाज्याच्या तोडीचा. आज तिथं थोडे अवशेष आहेत आणि रस्ता आहे. हा दरवाजा ना सिद्दीनं पाडला, ना औरंगजेबानं. तो इंग्रजांनी १८४४ मध्ये पाडला. कारण त्या वर्षी गडकऱ्यांनी बंड केलं होतं.

गडकरी म्हणजे गडावर पिढ्यान्‌पिढ्या पहारा देणारी घराणी. पगाराच्या ऐवजी त्यांना गडाखालच्या जमिनी लावून दिलेल्या. गड राखायचा आणि जमीन खायची, असा दीड-दोनशे वर्षांचा रिवाज. १८३८ ला कोल्हापूरचे छत्रपती शहाजीमहाराज, म्हणजे बुवासाहेब, वारले. गादीवर अल्पवयीन राजा, म्हणून कारभारात इंग्रजांचा हात वाढला. त्यांनी नेमलेल्या दाजी कृष्ण पंडितांनी राज्याची घडी बसवायला घेतली. कागदावर हिशेब नीट झाले असतील, पण गडकऱ्यांच्या जमिनी मामलेदारांच्या अखत्यारीत गेल्या. ज्यांनी आजवर फक्त गडाच्या अधिकाऱ्याला मुजरा केला, त्यांना आता कचेरीच्या पायऱ्या झिजवाव्या लागणार होत्या. आज जमीन, उद्या गड, हे त्यांना दिसत होतं.

१८४४ च्या पावसाळ्यात सामानगड आणि भुदरगडच्या गडकऱ्यांनी दरवाजे लावून घेतले. बंड पसरलं, कोल्हापुरात दाजी पंडितांना धरलं गेलं. फिरतीवर असलेला साताऱ्याचा रेसिडेंट कर्नल ओव्हान्स बंडवाल्यांच्या हाती सापडला आणि त्याला पन्हाळ्यावर कैद करून ठेवलं. कंपनी सरकारचा एवढा मोठा अधिकारी गडावर बंदी! मुंबईपर्यंत हादरा बसला असणार. जनरल डेलामोटच्या हाताखाली मोठी फौज आली. ऑक्टोबरात सामानगड पडला, नोव्हेंबरात भुदरगड, आणि १ डिसेंबर १८४४ ला तोफांनी तट फोडून पन्हाळा घेतला. त्याच दिवशी पावनगडही गेला.

त्यानंतर इंग्रजांनी ठरवून तटबंदी पाडली. पुन्हा कुणी इथं दरवाजा लावून बसू नये हा उद्देश. गडकऱ्यांची नोकरी संपली, शस्त्रं गेली. यातल्या बहुतेकांचे पुतळे नाहीत, त्यांच्या नावानं चौक नाहीत. आजूबाजूच्या गावांत गडकरी आडनाव भेटतं, तेवढंच.

म्हणून ‘काळाच्या ओघात ढासळलेला गड’ असं कुणी लिहिलेलं वाचलं की मला राहवत नाही. काळानं केलं ते थोडं. बाकी सुरुंगाच्या दारूनं केलं.

मग अंबारखाना कसा वाचला?

ती धान्याची कोठारं, लढायच्या उपयोगाची नाहीत. गंगा, यमुना, सरस्वती अशी तीन कोठारं. सगळ्यात मोठं गंगा: सुमारे ९५० चौरस मीटर क्षेत्र, उंची साडेदहा मीटरच्या वर, आत सोळा दालनं. प्रत्येक दालनाच्या छताला भोक आहे. बाहेरच्या जिन्यानं धान्य वर न्यायचं आणि भोकातून आत ओतायचं. पंचवीस हजार खंडी धान्य मावे असं सांगतात. आत शिरल्यावर भर उन्हाळ्यातही गारवा जाणवतो. वेढ्यात चार महिने गड का तगला याचं उत्तर बुरुजांपेक्षा या कोठारांत जास्त आहे.

गडावर आणखी कुणाच्या खुणा आहेत?

रामचंद्रपंत अमात्यांची समाधी आहे. राजाराममहाराज जिंजीला असताना इकडचं राज्य ज्यांनी सांभाळलं त्यातले ते प्रमुख. आर्या लिहिणारे कवी मोरोपंत १७२९ मध्ये पन्हाळ्यावर जन्मले. त्यांच्या नावाचं ग्रंथालय गावात आहे. पराशर ऋषींच्या नावानं ओळखली जाणारी गुहा आहे. सोमेश्वराचा तलाव आहे, सादोबाचा तलाव आहे.

शेजारचा पावनगड बघावा का?

वेळ असेल तर जरूर. पूर्वेला, मधे फक्त एक खिंड. पन्हाळ्यावर मारा करायला शत्रूला ही टेकडी सोयीची पडत होती, म्हणून तीही बांधून काढली. गर्दी जवळजवळ नसते.

जागतिक वारसा यादीत पन्हाळा आला म्हणजे नक्की काय झालं?

११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोनं मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना मिळून एक वारसास्थळ म्हणून मान्यता दिली. अकरा महाराष्ट्रातले आणि बारावा तमिळनाडूतला जिंजी. पन्हाळा त्यात आहे. म्हणजे एकटा पन्हाळा नव्हे, ही सगळी माळ मिळून वारसा ठरली. गडाच्या वास्तू भारतीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली त्याआधीपासूनच आहेत. त्यामुळं तटावर नाव कोरणं, दगड हलवणं, परवानगीशिवाय ड्रोन उडवणं हे गुन्हे तेव्हाही होते, आताही आहेत. वर गाव नांदतं असल्यामुळं घर दुरुस्तीसारख्या साध्या गोष्टींवरही निर्बंध येतात, आणि तिथल्या लोकांची धास्ती समजून घेण्यासारखी आहे.

कधी यावं?

ऑक्टोबर ते फेब्रुवारी उत्तम. जुलै-ऑगस्टमध्ये धुकं इतकं दाट असतं की तीन दरवाजासमोर उभं राहून तीन दरवाजा कुठाय विचारावं लागतं. काहींना तेच आवडतं. मोठ्या पावसात निघण्याआधी रस्त्याची चौकशी करा. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत गडाचा मुख्य रस्ताच खचला होता.

हातात दोनच तास असतील तर काय बघायचं?

अंबारखाना, अंधारबाव, तीन दरवाजा, या क्रमानं. सज्जाकोठीला जाताच आलं नाही तर हळहळू नका. उतरताना मात्र चालकाला चार दरवाजापाशी गाडी बाजूला घ्यायला सांगा. पाटी वाचायला आणि उरलेले दगड बघायला पाच मिनिटं पुरतात. तिथून नेबापूरला, शिवा काशीदच्या समाधीकडं जाता येतं. भूक लागली असेल तर खर्डा-भाकरी आणि मडक्यातलं दही वरच खाऊन घ्या, कोल्हापुरात पोचेपर्यंत जेवणाची वेळ टळलेली असते.